बेकारीचा विमा सुरू असताना फ्रीलान्स काम: जर्मनीतले १५ तास आणि १६५ युरो

नोकरी गेलेली असते, नोंदणी झालेली असते, बेकारीचा पहिला हप्ता खात्यात आलेला असतो आणि नेमका त्याच आठवड्यात पुण्याहून जुन्या सहकाऱ्याचा फोन येतो. "छोटंसं काम आहे रे, दोन-तीन आठवड्यांचं. घरी बसूनच करायचंय. घेतोस का?"

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रसंग मी बरेचदा ऐकला आहे. त्यावर माणसं दोनच गोष्टी करतात. काही जण गुपचूप काम घेतात आणि पैसे भारतातल्या खात्यात ठेवतात. काही जण घाबरून "नको बाबा, उगाच भत्ता बंद व्हायचा" म्हणत चालून आलेलं काम सोडतात. पहिला माणूस फसवणुकीच्या गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो. दुसरा हातातला अनुभव, ओळखी आणि थोडेफार पैसे विनाकारण घालवतो. कायद्याने अशा कामाला जागा ठेवली आहे. ती जागा केवढी, हे मात्र नीट समजून घ्यावं लागतं.

आधी शब्दाचं बघू. आपण सहज "बेकार भत्ता" म्हणतो आणि त्या शब्दाबरोबर थोडी लाजही येते, सरकारने दया केल्यासारखी. जर्मनीतलं आर्बाइट्सलोझनगेल्ड, म्हणजे तिथले लोक ज्याला एएलजी वन म्हणतात ते, विम्याचे पैसे आहेत. पगारातून दरमहा २.६ टक्के वर्गणी जाते, त्यातली निम्मी तुमची आणि निम्मी मालकाची. मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने ही वर्गणी भरली असेल तर नोकरी गेल्यावर हक्क तयार होतो. जुन्या पगारातून कर आणि सामाजिक विमा यांची ठोकळ वजावट करून जे उरतं, त्याच्या ६० टक्के मिळतात. मूल असेल तर ६७ टक्के. १२ महिने वर्गणी भरलेल्याला ६ महिने आणि २४ महिने भरलेल्याला १२ महिने. पन्नाशीनंतर ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढत २४ महिन्यांपर्यंत जाते. गरज तपासून मिळणारी सरकारी मदत ही निराळी गोष्ट आहे, तिचे कमाईचे नियमही निराळे. ओळखीचा कुणी "मला तर शंभरच युरो माफ होते" म्हणाला, तर तो बहुधा त्या दुसऱ्या मदतीबद्दल बोलत असतो.

विमा म्हटलं की अटी आल्याच. सगळ्यात मोठी अट म्हणजे तुम्ही खरोखर बेरोजगार असायला हवं, आणि उद्या योग्य नोकरी मिळाली तर उद्याच रुजू होता यायला हवं. फ्रीलान्सचे सगळे नियम या एका अटीतून निघतात.

काम मोजण्याची दोन मापं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक तासांचं, दुसरं पैशांचं. तासांचं माप ही भिंत आहे, पैशांचं माप हा उतार. उतारावर थोडं घसरलात तर थोडे पैसे कमी होतात. भिंत ओलांडलीत तर कायद्याच्या भाषेत तुम्ही बेरोजगारच उरत नाही.

ही भिंत आठवड्याला १५ तासांवर आहे. काम १५ तासांपेक्षा कमी हवं. पूर्ण १५ झाले की भिंत ओलांडली. यात पगाराची अर्धवेळ नोकरी, फ्रीलान्स आणि घरच्या व्यवसायातली मदत हे सगळं एकत्र मोजलं जातं. सोमवार ते बुधवार दुकानात ९ तास आणि शनिवार-रविवारी भाषांतराचे ७ तास, म्हणजे १६. बायको घरून टिफिनचा व्यवसाय चालवत असेल आणि तुम्ही रोज डबे पोचवत असाल तर तेही तास धरावे लागतात, हातात एक पैसा पडत नसला तरी. मी हे सांगितलं की बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, पण घरच्या व्यवसायात हातभार लावणाऱ्या कुटुंबीयाचा उल्लेख कायद्याच्या त्याच कलमात आहे.

फ्रीलान्सरची खरी पंचाईत पुढेच आहे. नोकरीत तास करारावर लिहिलेले असतात. फ्रीलान्समध्ये बिल लागतं ते दहा तासांचं, पण त्याआधी ग्राहकाशी दोन फोन झालेले असतात, काम समजून घेण्यात एक संध्याकाळ गेलेली असते, नंतर दुरुस्त्या असतात. शिकवणी घेणाऱ्याला तयारी करावी लागते. कामाच्या आधीची आणि नंतरची ही मेहनतही कामातच मोजायची. म्हणून १४ तासांचं काम ठरवणं म्हणजे भिंतीला नाक लावून चालणं आहे. माझ्या मते आठवड्याला ९-१० तासांच्या बिलावर थांबावं, म्हणजे बाकीच्या धावपळीला जागा राहते. एखाद्या आठवड्यात अचानक थोडं जास्त काम झालं तर कायदा ते सोडून देतो, पण तो अपवाद "कधीतरी आणि थोडंसंच" अशा शब्दांत बांधलेला आहे. आधीच ठरवलेल्या वीस तासांच्या आठवड्यांना तो लागू होत नाही. एक साधी वही ठेवा: तारीख, कोणाचं काम, किती वेळ. उद्या कुणी विचारलंच तर आठवणीवर विसंबून बोलावं लागणार नाही.

मंडळाच्या गणपतीचं काम मात्र यात येत नाही. समाजासाठी विनामोबदला केलेलं काम १५ तासांवर गेलं तरी चालतं, फक्त त्यापायी नोकरीचा शोध अडता कामा नये. ते आठवड्याला १५ तास किंवा त्याहून जास्त असेल तर रोजगार कार्यालयाला, म्हणजे जिथे बेकारीची नोंदणी केली तिथे, लगेच कळवावंच लागतं. आणि शनिवारच्या मराठी शाळेत शिकवायचं मानधन मिळत असेल तर ते नुसतं सेवाकार्य आहे असं स्वतःच ठरवून टाकू नका, विचारून घ्या.

आता उताराकडे वळू. एका कॅलेंडर महिन्यात १६५ युरो माफ आहेत. कर, विमा आणि खर्च वजा जाऊन उरलेल्या कमाईतून आधी हे १६५ काढायचे, आणि मग जे उरेल तेवढी रक्कम त्या महिन्याच्या एएलजीतून कापली जाते. फ्रीलान्सरसाठी इथे एक सोय आहे, जी फार कमी जणांना ठाऊक असते. तुमच्या एकूण बिलाचे ३० टक्के हे खर्च म्हणून आपोआप वजा धरतात, एकही पावती न दाखवता. खरा खर्च त्याहून जास्त असेल तर पावत्या दाखवून जास्त वजावट मागता येते.

आकड्यांत बघू. समजा तुम्हाला महिन्याला १,८०० युरो एएलजी मिळतं आणि मार्च महिन्यात तुम्ही ६०० युरोचं भाषांतर केलंत. ६०० चे ३० टक्के म्हणजे १८० गेले, उरले ४२०. त्यातून १६५ माफ, उरले २५५. हे २५५ एएलजीतून जातील आणि हातात १,५४५ येतील. वर तुमचे ६०० आहेतच. म्हणजे काम न करता १,८०० मिळाले असते, त्याऐवजी २,१४५ मिळाले. मेहनतीचे सगळे पैसे राहिले नाहीत, पण तोटाही झाला नाही. "काम केलं तर उलट पैसे कमी होतात" हे वाक्य ऐकू आलं तर हे गणित मांडून दाखवा.

हाच हिशोब उलटा केला की समजतं, महिन्याचं बिल साधारण २३५ युरोपर्यंत असेल तर एएलजीला धक्काच लागत नाही. त्यापुढच्या प्रत्येक १०० युरोमागे ७० कापले जातात आणि ३० उरतात. ते ३० देखील कायद्याने तुमच्या खर्चासाठी धरलेले आहेत. तेव्हा २३५ च्या पुढचं काम निव्वळ पैशासाठी घेण्यात फारसा अर्थ नाही. नवा ग्राहक जोडायचा असेल, कामाचा हात सुटू द्यायचा नसेल, नोकरीच्या अर्जात दाखवायला काही हवं असेल, तर जरूर घ्या.

इथे मिनीजॉबमुळे, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या आतल्या कमाईच्या छोट्या नोकरीमुळे, आणखी एक घोळ होतो. २०२६ मध्ये मिनीजॉबची मर्यादा महिना ६०३ युरो आहे, आणि "तेवढं सगळं माफ असतं" अशी समजूत आहे. ती मर्यादा कर आणि सामाजिक विम्यासाठीची आहे. एएलजीसाठी माफी १६५ चीच. २०१३ मध्ये मिनीजॉब ४५० वर होता, तिथून तो ६०३ वर पोचला, १६५ जागचे हललेले नाहीत. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. महागाई सगळ्यांसाठी वाढते, मग जो माणूस घरी बसून न राहता दहा तास का होईना काम करतो, त्याचीच माफी का गोठवून ठेवायची?

कमाई कोणत्या महिन्यात धरायची, हा पुढचा प्रश्न. काम ज्या महिन्यात केलं तो महिना, पैसे आले तो नाही. मार्चमध्ये केलेल्या कामाचे पैसे ग्राहकाने मे महिन्यात दिले तरी कपात मार्चच्या एएलजीवर. बरेच फ्रीलान्सर इथेच चुकतात, कारण करविवरणासाठी त्यांना उलटी सवय लागलेली असते. याच नियमाची चांगली बाजूही आहे: नोकरी जाण्याआधी संपवलेल्या कामाचे पैसे बेकारीच्या काळात खात्यात आले तर त्यावर कपात नाही. ते काम कधी केलं हे दाखवणारा ईमेल किंवा बिल मात्र जपून ठेवा.

आणि जे नोकरी करत असतानाच बाजूला फ्रीलान्स करत होते त्यांच्यासाठी वेगळी, जास्त उदार तरतूद आहे. हक्क सुरू होण्याआधीच्या १८ महिन्यांत किमान १२ महिने तुम्ही असं छोटं काम, आठवड्याला १५ तासांच्या आत, करत आला असाल, तर शेवटच्या १२ महिन्यांतली तुमची महिन्याची सरासरी कमाई पूर्ण माफ होते. समजा ती सरासरी ४०० होती, तर माफीची रेघ १६५ वर नसून ४०० वर. पण ही गोष्ट अर्ज भरतानाच सांगायला हवी आणि जुनी बिलं दाखवायला हवीत.

आता अशी एक गोष्ट जी हिशोबाच्या कागदावर दिसत नाही. एएलजीची मुदत दिवसांत मोजतात, आणि ज्या दिवशी तुम्हाला कापलेलं एएलजी मिळालं तो दिवसही पूर्ण दिवस म्हणून खर्ची पडतो. महिन्याभरात कपात होऊन १,८०० ऐवजी ६०० च हातात आले तरी मुदतीतला एक अख्खा महिना गेला. त्यामुळे काम खरंच मोठं असेल, म्हणजे दीड-दोन महिने आठवड्याला २५-३० तास, तर ते १५ तासांच्या आत कोंबायची धडपड करू नका. सरळ कार्यालयाला कळवा, अमुक तारखेपासून एएलजी थांबवा, काम पूर्ण करा आणि संपल्यावर परत नोंदणी करा. उरलेले दिवस बुडत नाहीत; हक्क निर्माण झाल्यापासून चार वर्षांपर्यंत ते मागता येतात. दोन गोष्टींचं भान मात्र ठेवा. परतीची नोंदणी काम संपल्यावर पहिल्याच दिवशी करा, कारण नोंदणीच्या आधीच्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आणि एएलजी चालू असताना आरोग्य विम्याची वर्गणी कार्यालय भरतं, ते थांबलं की ती जबाबदारी तुमची. काम स्वीकारण्याआधी विमा कंपनीला फोन करून हप्ता किती बसेल ते विचारा आणि तो धरूनच ग्राहकाला दर सांगा.

कळवायचं कधी? काम सुरू होण्याआधी. महिना संपल्यावर नाही, पैसे आल्यावर नाही, "आधी बघू तर जमतंय का" असं म्हणून तर नाहीच. कार्यालयाच्या ऑनलाइन खात्यातून बदल कळवण्याची सोय आहे. त्यात चार ओळी पुरतात: कोणतं काम, कोणत्या तारखेपासून, आठवड्याला साधारण किती तास, किती कमाई अपेक्षित. पाठवल्याची पोच जपून ठेवा. मग महिना संपला की खऱ्या कमाईचा तपशील द्यायचा. ग्राहक मिळेल की नाही याची खात्री नसतानाही आधी कळवलं तर काही बिघडत नाही. कमाई शून्य झाली तर कपातही शून्य.

न कळवल्याचे परिणाम मोठे आहेत. जास्तीचे पैसे परत मागितले जातात, वर दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून लपवलं असं दिसलं तर प्रकरण फसवणुकीच्या गुन्ह्यात जातं. काम १५ तासांवर होतं असं निघालं तर त्या काळातलं सगळं एएलजी परत करावं लागतं, कार्यालयाने भरलेल्या आरोग्य विम्याच्या वर्गणीसकट. "पैसे एचडीएफसीत आले, रुपयांत आले, इथे कुणाला काय कळणार?" हा युक्तिवाद मी ऐकला आहे. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न जर्मन करविवरणात दाखवावं लागतं, आणि बँकखात्यांची माहिती एकमेकांना देण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारत आणि जर्मनी दोघंही आहेत. पुण्याच्या ग्राहकाचं काम म्युनिकमध्ये बसून केलं तर ते म्युनिकमध्येच केलेलं काम आहे.

इथपर्यंतचं सगळं जर्मन शेजाऱ्यालाही लागू आहे. पुढचं खास आपल्यासाठी, कारण आपल्या खिशात निवास परवाना असतो. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) किंवा नोकरीसाठी मिळालेला दुसरा परवाना हा नोकरीसाठी असतो, स्वतंत्र व्यवसायासाठी नाही. एएलजीच्या कायद्याने १४ तासांचं फ्रीलान्स चालतं म्हणून परवान्यालाही ते चालतं असं नव्हे. ही दोन कार्यालयं वेगळी, कायदेही वेगळे. कार्डावर आणि सोबतच्या जोडपत्रावर नेमकं काय लिहिलं आहे ते शब्द न् शब्द वाचा. स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नसेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून ती लेखी मागता येते, आणि ती हातात येईपर्यंत काम सुरू करू नये. नोकरी मुदतीआधी संपल्याचं त्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवणंही बंधनकारक आहे. नोकरी गेल्याच्या धक्क्यात हे हमखास राहून जातं.

कायम निवासाचा परवाना असेल तर हा प्रश्न उरत नाही. आणि जोडीदाराच्या नात्याने मिळालेल्या परवान्यावर सहसा सर्व प्रकारच्या कामाला मुभा असते, स्वतंत्र व्यवसायासकट. इथे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मागे आलेल्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. ज्यांनी स्वतः नोकरी करून वर्गणी भरली आहे त्यांचा एएलजीचा हक्कही त्यांचा स्वतःचा असतो. आणि एएलजी घेतल्याने पुढे परवान्याला बाधा येईल ही भीती मनातून काढून टाका. वर्गणीच्या बदल्यात मिळणारे पैसे हे सरकारच्या मदतीवर जगणं मानलं जात नाही.

कराचं थोडक्यात. फ्रीलान्स सुरू झाल्यावर महिनाभरात कर कार्यालयाचा प्रश्नसंच ऑनलाइन भरायचा. एएलजीवर कर नाही, पण बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर ठरवताना ते मिळवून धरतात, म्हणून वर्षाअखेरीस थोडा जास्त कर भरावा लागू शकतो. एएलजी वर्षात ४१० युरोपेक्षा जास्त असेल तर विवरण भरणं सक्तीचंच आहे.

आणखी एक मोह होतो, तो म्हणजे "नोकरी नाहीच तर महिना-दोन महिने आई-बाबांकडे जाऊन तिथूनच काम करू". एएलजी चालू असताना वर्षाला एकूण तीन आठवडे बाहेर राहता येतं, तेही आधी परवानगी घेऊन. त्यापुढच्या दिवसांचे पैसे नाहीत. घरी कुणी आजारी असेल आणि जास्त राहावंच लागणार असेल तर खरं कारण सांगा आणि तेवढा काळ एएलजी थांबवून जा. दिवस तुमच्या खात्यात तसेच राहतात.

छोट्या कामांतून हळूहळू नियमित ग्राहक जमले आणि नोकरीपेक्षा हेच करावं असं वाटू लागलं, तर निर्णयाची तारीख महत्त्वाची ठरते. स्वतःचा व्यवसाय पूर्णवेळ सुरू करणाऱ्याला एक अनुदान मिळू शकतं: सहा महिने तुमच्या एएलजीइतकी रक्कम आणि वर ३०० युरो, त्यानंतर मागितलं आणि मान्य झालं तर आणखी नऊ महिने दरमहा ३००. त्यासाठी व्यवसाय सुरू होतो त्या दिवशी एएलजीचे किमान १५० दिवस शिल्लक असावे लागतात, अर्ज सुरुवातीच्या आधी करावा लागतो आणि व्यवसायाची योजना टिकाऊ आहे असं वाणिज्य मंडळ किंवा करसल्लागार अशा जाणकार संस्थेकडून लिहून आणावं लागतं. ते देणं कार्यालयाच्या मर्जीवर आहे, तेव्हा योजना खरंच पक्की हवी. १२ महिन्यांचा हक्क ३६० दिवसांचा धरतात. त्यातून १५० वजा केले तर विचार करायला, छोटी कामं करून अंदाज घ्यायला आणि कागद जमवायला २१० दिवस मिळतात. सहा महिन्यांचा हक्क असेल तर अवघे ३०. तुमच्या मंजुरीपत्रावर दिवसांचा आकडा लिहिलेला असतो. तो आजच बघा आणि ज्या तारखेला त्यातले १५० दिवस शिल्लक राहतील, कॅलेंडरवर तिच्याभोवती गोल करून ठेवा.